गुडघ्याची सूज: हळद, सालई, निर्गुडी यांतलं काय, किती आणि कसं

प्रश्न थोडक्यात असा: आईचं वय 64, वजन 65 किलो. दोन्ही गुडघ्यांची झीज आहे, एक्स-रे झालेला आहे. वर्षभर जवळजवळ रोज डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची गोळी चालू आहे आणि आता पोटात जळजळ होते. शिवाय बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि त्यातच लघवी वाढवणारं औषध, वर ॲस्पिरिन 75. घरचे आणि शेजारचे मिळून सुचवतायत: रात्री हळदीचं दूध, सकाळी गुळवेलीचा काढा, महायोगराज गुग्गुळ आणि लावायला निर्गुडीचं तेल. यातलं खरंच सूज उतरवणारं काय, किती घ्यायचं आणि कशाने घोळ होईल?

हळदीपेक्षा आधी त्या गोळ्यांकडे बघा. डायक्लोफेनॅक, टेल्मिसार्टन आणि लघवीचं औषध हे तिन्ही एकत्र आले की मूत्रपिंडावर तीन बाजूंनी ताण येतो. एकाने मूत्रपिंडाकडे येणारी रक्तवाहिनी आवळते, दुसऱ्याने तिथून बाहेर जाणारी सैल पडते, तिसऱ्याने अंगातलं पाणीच कमी होतं. उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या तर अशा माणसाचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) दोन दिवसांत चढू शकतं. त्यात ॲस्पिरिन असल्यामुळे जठराला व्रण होऊन रक्तस्राव होण्याचा धोका वेगळा. म्हणून पहिलं काम क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि हिमोग्लोबिन तपासणं, आणि डायक्लोफेनॅकची गोळी कमी कशी करायची हे डॉक्टरांशी बोलणं. शौचाचा रंग डांबरासारखा काळा झाला तर त्याच दिवशी दवाखाना. ॲस्पिरिन आणि बीपीची गोळी मात्र स्वतःहून बंद करायची नाही.

गोळीला तात्काळ पर्याय म्हणून डायक्लोफेनॅकचंच मलम चालतं. गुडघ्यासाठी 1 टक्क्याचं जेल, एका गुडघ्याला एका वेळी 4 ग्रॅम, दिवसातून चार वेळा. लोक वाटाण्याएवढं लावतात आणि ‘मलमाने काही होत नाही’ म्हणतात. 4 ग्रॅम म्हणजे तर्जनीच्या टोकापासून पहिल्या घडीपर्यंत पिळलेली रेघ साधारण आठ वेळा. जेलमधून रक्तात जाणारं औषध गोळीच्या साधारण 6 टक्के असतं, त्यामुळे पोट आणि मूत्रपिंड बरंच वाचतं. ‘बरंच’ म्हटलं, ‘पूर्ण’ नव्हे. क्रिएटिनिन वाढलेलं निघालं तर जेलही विचारूनच.

आता वनस्पतींकडे. सांध्यातली सूज एका रसायनाने येत नाही. पेशींच्या आवरणातून अ‍ॅराकिडॉनिक आम्ल सुटतं आणि त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एका वाटेवर कॉक्स नावाचं विकर (एन्झाइम) त्याचं प्रोस्टाग्लँडिन करतं, त्याने दुखतं आणि ऊब येते. दुसऱ्या वाटेवर 5-लायपॉक्सिजनेज हे विकर त्याचं ल्युकोट्राइन करतं आणि ते पांढऱ्या पेशींना तिथे गोळा करतं. ॲस्पिरिन पहिली वाट अडवतं हे जॉन वेन यांनी 1971 मध्ये दाखवलं आणि 1982 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. डायक्लोफेनॅकही मुख्यतः तिथेच अडवतं, आणि जठराच्या अस्तराला सांभाळणारं प्रोस्टाग्लँडिनही त्याच वाटेवर तयार होत असल्यामुळे पोट बिघडतं. सालई या झाडाचा डिंक दुसरी वाट अडवतो. हळद या दोन्हींच्या आधी, म्हणजे सूज पेटवणारी जनुकं चालू करणाऱ्या टप्प्यावर काम करते असं प्रयोगशाळेत दिसतं. प्रयोगशाळेत दिसणं आणि गुडघ्यात घडणं यांच्यात मोठी दरी आहे, आणि हळदीचा सगळा घोळ त्या दरीतच आहे.

हळकुंडाच्या पुडीत कर्क्युमिन आणि त्याची भावंडं मिळून साधारण 2 ते 5 टक्के असतात. वायगाव, सांगली, सेलम, मेघालयातली लाकाडोंग अशी जातीनुसार आणि मातीनुसार टक्केवारी बदलते, पण हिशेबाला 3 टक्के धरा. दुधात अर्धा चमचा, म्हणजे दीड ग्रॅम हळद घातली तर कर्क्युमिन झालं 45 मिलिग्रॅम. आता गुडघ्यावर ज्या चाचण्यांत फरक दिसला त्यांच्याकडे बघू. थायलंडमध्ये 2014 मध्ये 367 रुग्णांवर चार आठवडे केलेल्या चाचणीत हळदीचा अर्क रोज 1500 मिलिग्रॅम दिला होता आणि दुसऱ्या गटाला आयबुप्रोफेन 1200 मिलिग्रॅम. दुखणं दोन्ही गटांत सारखंच कमी झालं, आणि पोटदुखीची तक्रार हळदीच्या गटात कमी होती. ही चांगली बातमी आहे, पण तेवढं कर्क्युमिन साध्या हळदीतून घ्यायचं तर रोज 50 ग्रॅम हळद खावी लागेल. घरातला हळदीचा डबा तीन-चार दिवसांत रिकामा व्हायचा.

शिवाय पोटात गेलेलं रक्तात पोचतं किती? बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या 1998 च्या अभ्यासात माणसांना 2 ग्रॅम कर्क्युमिन नुसतं दिलं तर रक्तात ते जवळजवळ सापडलंच नाही. सोबत 20 मिलिग्रॅम पायपेरीन, म्हणजे मिऱ्यातला तिखट घटक, दिल्यावर प्रमाण वीस पट झालं. जाहिरातीत ‘2000 टक्के’ म्हणून छापतात तो आकडा इथला. मिऱ्यात पायपेरीन साधारण 5 ते 9 टक्के, तेव्हा 20 मिलिग्रॅमला सहा-आठ मिरे ठेचून लागतील. पण वीस पट कशाची ते विसरू नका. जवळजवळ शून्याची वीस पट फार मोठी होत नाही. आणि पायपेरीन हे साधतं कसं, तर यकृत आणि आतडी ज्या विकरांनी परकी रसायनं निकामी करतात त्यांनाच ते थोपवतं. मग आईंच्या बाकी गोळ्यांचंही तेच होऊ शकतं. बीपीचं प्रोप्रॅनोलॉल, दम्याचं थिओफायलिन, फिट्सचं फेनिटॉइन यांची रक्तातली पातळी पायपेरीनने वाढते हे दाखवलेलं आहे. रोज चार-पाच गोळ्या घेणाऱ्या माणसाला पायपेरीन घातलेली कर्क्युमिनची कॅप्सूल मी सुचवणार नाही. आमटीतल्या मिऱ्याला अर्थातच हरकत नाही.

औषधनिर्मितीच्या रसायनशास्त्रज्ञांनी 2017 मध्ये कर्क्युमिनचा मोठा आढावा घेतला तेव्हा आणखी एक दुखणं पुढे आलं. हे रसायन परीक्षानळीत जवळजवळ कशालाही चिकटतं, रंग सोडतं, आणि शरीराच्या आम्लतेला मिनिटांत मोडतं. त्यामुळे ‘याने हेही थांबलं, तेही थांबलं’ असे निकाल भराभर मिळतात आणि त्यातले बरेच फसवे असतात. म्हणून हळदीबद्दल ‘अमुक पेशींवर प्रयोग यशस्वी’ अशी बातमी वाचली की ती सोडून द्यावी. माणसांवर, ठरावीक मात्रेत, तुलना करून, किती आठवडे, एवढंच विचारावं.

मग हळदीचं दूध प्यावं का? आवडत असेल तर प्यावं, अर्धा चमचा, नीट उकळून आणि त्यात थोडं तूप टाकून, कारण कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. ते अन्न आहे. त्याच्या भरवशावर गोळी सोडू नका. आणि लोहाची गोळी चालू असेल तर दोन्हींमध्ये दोन तासांचं अंतर ठेवा, हळद लोहाला धरून ठेवते.

अर्काची कॅप्सूल ही मात्र औषधाच्या रांगेतली गोष्ट. अन्नसुरक्षेसाठी जागतिक समितीने ठरवलेली कर्क्युमिनची रोजची मर्यादा किलोमागे 3 मिलिग्रॅम आहे, म्हणजे 65 किलोला 195 मिलिग्रॅम. कॅप्सूल त्याच्या कितीतरी पट पुढे जाते. गेल्या काही वर्षांत यकृताला इजा झालेले रुग्णही समोर आले. अमेरिकेतल्या औषधजन्य यकृतविकारांच्या नोंदजाळ्यातून 2022 मध्ये असे 10 रुग्ण नोंदवले गेले, त्यातल्या 7 जणांमध्ये एचएलए-बी 35:01 हे एकच जनुकीय रूप होतं. इटलीने 2022 मध्ये अशा पूरकांवर इशारा सक्तीचा केला आणि ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने 2023 मध्ये सावध केलं. लाखो लोक घेतात त्यामानाने हे थोडे आहेत. पण कोणाला होणार हे आधी कळत नसल्यामुळे सुरू करण्यापूर्वी एकदा आणि सहा आठवड्यांनी पुन्हा एकदा यकृताची तपासणी करावी. लघवी चहाच्या रंगाची, डोळे पिवळे, अन्नावरची वासना गेली, उजव्या कुशीत जडपणा, यातलं काहीही दिसलं तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद. पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी घेऊच नये, कारण कर्क्युमिनने पित्ताशय आकुंचन पावतं आणि खडा तोंडाशी अडकतो. मुतखड्याची सवय असेल तर हळदीची पूडही चमचे चमचे नको, त्यात ऑक्सलेट बरंच असतं. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी थांबवावी.

हळद विकत घेताना एक सांगतो, कारण इथली फसवणूक हळदीच्या फायद्यापेक्षा जास्त नुकसान करते. चकचकीत, एकसारखं लख्ख पिवळं हळकुंड दिसलं की ग्राहक खूश होतो. काही ठिकाणी तो रंग हळकुंडाला चोळलेल्या लेड क्रोमेटचा असतो, म्हणजे शिशाचा. त्यामुळे ‘पूड नको, हळकुंड आणून दळू’ हा उपाय अर्धाच पुरतो. मळकट, सुरकुतलेलं, मोडल्यावर आतून गडद केशरी दिसणारं हळकुंड घ्या. ग्लासभर पाण्यावर चमचाभर पूड टाकून न ढवळता ठेवण्याची चाचणी कृत्रिम रंग ओळखायला ठीक आहे. शुद्ध हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं, रंग मिसळला असेल तर पाणी गडद होतं. शिसं या चाचणीत कळत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते.

आता सालई. आपल्याकडे विदर्भात, सातपुड्यात खडकाळ उतारावर उभी असते, सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटतात, चीक सुकून पिवळसर डिंक होतो. आयुर्वेदात तिला शल्लकी म्हणतात. माझ्या मते आईंच्या बाबतीत पोटातून घ्यायचं पहिलं औषध हेच. 2003 मध्ये नागपूरच्या इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात गुडघ्याच्या झिजेच्या 30 रुग्णांवर चाचणी झाली. रोज 333 मिलिग्रॅमच्या तीन मात्रा, आठ आठवडे, मग औषध आणि खोटं औषध यांची अदलाबदल. दुखणं, सूज, गुडघा वाकणं आणि चालता येणारं अंतर यात सालईच्या वेळी स्पष्ट सुधारणा दिसली. एक्स-रे मात्र तसाच राहिला. 2008 मध्ये 75 रुग्णांवर 90 दिवस वेगळा, जास्त तीव्र अर्क दिला तेव्हा 100 आणि 250 मिलिग्रॅमलाही फरक पडला. रुग्णसंख्या लहान आहे हे खरं, पण दिशा एकच निघते.

इथे लेबल वाचता यायला हवं. बाटलीवर ‘शल्लकी 500 मिग्रॅ’ एवढंच असेल तर तो कुटलेला डिंक आहे की अर्क, कळत नाही. अर्क असेल तर बोस्वेलिक आम्लं, म्हणजे सालईतले गुणकारी घटक, किती टक्के ते लिहिलेलं असतं, साधारण 65 टक्के. ‘एकेबीए 30 टक्के’ (एकेबीए हे त्यातलंच एक बोस्वेलिक आम्ल) असं लिहिलं असेल तर तो वेगळा, तीव्र अर्क, त्याची रोजची मात्रा 100 ते 250 मिलिग्रॅम. पहिल्याची मात्रा दुसऱ्याला लावली की कितीतरी पट होते, आणि उलट केलं तर काहीच गुण येत नाही आणि सालई बदनाम होते. आयुर्वेदिक औषधाच्या बाटलीवर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत तीनही हवीत. साध्या अर्काची गोळी जेवणानंतर, दिवसातून तीन वेळा. पहिल्या आठवड्यात शौचाला पातळ होणं किंवा छातीत जळजळ होऊ शकते. तसं झालं तर दोन मात्रांवर या. गुण दिसायला तीन-चार आठवडे लागतात. आठव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून सोडलं तर पैसे वाया. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन चालू असेल तर सालई आणि कर्क्युमिन दोन्ही डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय नकोत. धुपाचा सालई डिंक आणून दुधात घालू नका. त्यात माती, साल, दुसऱ्या झाडांचे डिंक काहीही असतं.

सुंठीबद्दल लोक विचारतातच. आल्यातलं जिंजेरॉल वाळल्यावर काही प्रमाणात शोगाओल होतं, सूज उतरवण्याचा गुण दोघांत आहे. 2001 मध्ये 261 रुग्णांवरच्या चाचणीत फरक पडला, पण थोडा, आणि पोटाच्या तक्रारी आल्याच्या गटात जास्त. आईंना आधीच जळजळ आहे. चहात आलं ठीक, सुंठीच्या पुड्या नकोत.

लावायच्या वनस्पतींत भक्कम पुरावा मिरचीचा आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन 0.025 टक्के असलेलं मलम, दिवसातून तीन-चार वेळा. ते दुखणं पोचवणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांना थकवतं. पहिले पाच-सात दिवस जळजळतं, म्हणून बहुतेक जण तिसऱ्या दिवशी सोडतात; गुण दोन आठवड्यांनी येतो. दिवसातून एकदाच लावलं तर जळजळ चालूच राहते आणि उपयोग होत नाही, नियमितपणा हवा. लावल्यावर हात साबणाने धुवा. आधी कोरड्या कापडाने पुसले तर बरं, कारण कॅप्सेसिन पाण्याने जात नाही. अंघोळीआधी-नंतर तासभर लावू नका. घरी मिरची वाटून लावायचा विचारही करू नका, भाजतं. अमेरिकन संधिवाततज्ज्ञांच्या 2019 च्या मार्गदर्शनात गुडघ्यासाठी कॅप्सेसिनला जपून हो म्हटलंय आणि डायक्लोफेनॅकच्या मलमाला जोरकस हो. तिथेच ग्लुकोसामीनला स्पष्ट नकार आहे, हे जाता जाता सांगतो, कारण त्यावर महिन्याला हजारभर रुपये घालवणारी घरं खूप आहेत. जेल आणि कॅप्सेसिन एकाच वेळी चोपडू नका, एक निवडा.

निर्गुडीवर माणसांमधल्या चांगल्या चाचण्या थोड्या आहेत. प्राण्यांवर पानांच्या अर्काने सूज उतरते हे दिसलंय. तेल चोळल्यावर जो आराम पडतो त्यात ऊब आणि हाताचा वाटा मोठा, पण तो आराम खरा असतो आणि आईंच्या कोणत्याही गोळीशी त्याचं भांडण नाही. म्हणून हे जरूर करा, आणि घरी करायचं तर नीट करा. विकत मिळणारं हिरवं तेल कित्येकदा रंग घातलेलं तिळाचं किंवा पामचं तेल असतं.

झाड ओळखायचं ते असं: एका देठावर तीन किंवा पाच पानं, वरून हिरवी, खालून पांढुरकी, फुलं निळसर जांभळी, चुरगाळलं की उग्र वास. पानं सावलीत वाळवा. त्यांतून रस फार निघत नाही, त्यामुळे काढाच सोपा. पाव किलो वाळकी पानं भरड करून चार लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी उघड्या भांड्यात मंद आचेवर एक लिटर उरेपर्यंत आटवा आणि गाळा. झाकण ठेवलं तर आटायला दुप्पट वेळ लागतो. ग्रंथातला नियम असा की काढ्याने तेल सिद्ध करायचं तर काढा तेलाच्या चौपट आणि कल्क, म्हणजे वाटलेली चटणी, तेलाच्या सहावा भाग. म्हणून एक लिटर काढ्याला पाव लिटर तिळाचं तेल आणि साधारण 40 ग्रॅम ताज्या पानांची चटणी. भांडं तीन-चार लिटरचं आणि जाड बुडाचं घ्या, फेस वर येतो. आधी तेल कोमट करा, मग कल्क, मग काढा. गरम तेलात एकदम काढा ओतला तर तडतडून अंगावर उडतो.

आच शेवटपर्यंत मंद. कल्क खाली बसून करपतो, म्हणून लाकडी उलथन्याने तळ सतत खरवडत राहा. तीन-चार तास लागतात, दोन दिवसांत विभागून केलं तरी चालतं, उलट बरं होतं. पाणी संपत आलं की बुडबुड्यांचा आवाज बदलतो, जड ‘गदगद’ जाऊन बारीक ‘चरचर’ येते. आता दर दोन मिनिटांनी कल्क बाहेर काढून बोटांत वळून बघा. वात होते आणि बोटाला चिकटत नाही, ती वात ज्योतीवर धरली तर चडचड न करता जळते, आणि तेलावर फेस येतो: या तीन खुणा जमल्या की तेल झालं. (तुपाचं उलट, झाल्यावर त्याचा फेस जातो.) वात चडचडली तर पाणी आहे अजून, असं तेल बाटलीत महिन्याभरात खवट होतं, कधी बुरशी येते. कल्क काळा पडून कडक झाला तर पाक पुढे गेला, वास जळका येतो. ते तेल टाकून द्या. गरम असतानाच सुती कापडाने गाळून पिळा आणि अगदी कोरड्या काचेच्या बाटलीत भरा. बाटलीत ओला चमचा घालू नका.

लावताना 5-7 मिली कोमट तेल, गुडघ्याच्या वर मांडीपासून खाली पोटरीच्या सुरुवातीपर्यंत, दहा मिनिटं हलक्या हाताने, वाटीवर दाब न देता. मग निर्गुडीची पानं तव्यावर परतून कापडात बांधून दहा मिनिटं शेक. मधुमेह असेल तर शेक आधी घरच्या कोणीतरी आपल्या मनगटावर तपासावा, पायाची संवेदना कमी असली की भाजलेलं कळत नाही. गुडघा एकाएकी लाल, टम्म, गरम झाला किंवा ताप आला तर ना तेल, ना शेक. तो जंतुसंसर्ग किंवा युरिक आम्लाचा झटका असू शकतो. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर चोळू नका, शिरेत रक्ताची गाठ असेल तर ती सुटून फुप्फुसात जाते.

कानाकोपऱ्यात मिळणारं गंधपुऱ्याचं, म्हणजे विंटरग्रीनचं तेल मात्र कपाटात वर ठेवा. ते जवळजवळ निव्वळ मिथाइल सॅलिसिलेट असतं. 5 मिलीत साधारण 7 ग्रॅम ॲस्पिरिनएवढा ऐवज. लहान मूल एक चमचा प्यायलं तर जिवावर बेततं. मोठ्या माणसानेही ते लावून वर गरम पिशवी ठेवली तर कातडी भाजते आणि रक्तात जास्त जातं.

राहिले महायोगराज गुग्गुळ आणि गुळवेल. योगराज आणि महायोगराज यांत फरक फक्त ‘महा’चा आहे असं समजू नका. महायोगराजाच्या पाठात वंग, रौप्य, नाग, लोह, अभ्रक, मंडूर ही भस्मं आणि रससिंदूर आहे. म्हणजे शिसं, कथील आणि पारादेखील. साधा योगराज वनस्पतींचा आहे. मूत्रपिंडावर आधीच ताण असलेल्या आईंना महायोगराज दुकानातून आणून द्यायचा नाही. साधा योगराज वैद्यांनी बघून दिला तर वेगळी गोष्ट. गुग्गुळाने प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम यांची रक्तातली पातळी खाली जाते, त्यामुळे हृदयाच्या गोळ्या असणाऱ्यांनी तेही सांगून घ्यावं. दुसऱ्या कुठल्या काढ्यात ज्येष्ठमध आहे का, तेही पाहा. ज्येष्ठमधातल्या ग्लिसरायझिनने बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं, आणि लघवीचं औषध घेणाऱ्यात ते दुहेरी होतं.

गुळवेल गुडघ्यासाठी घेण्यात मला अर्थ दिसत नाही. तिचा प्रभाव प्रतिकारशक्तीवर आहे आणि तिथेच अडचण आहे. कोविडच्या काळात काढे वाढल्यावर मुंबईतून 2021 मध्ये यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला, वेल दुसऱ्या जातीची असेल असं म्हटलं. पुढच्या वर्षी देशातल्या 13 केंद्रांतल्या 43 रुग्णांचा अभ्यास आला. वाद बाजूला ठेवला तरी झिजेच्या गुडघ्याला न लागणारी आणि यकृताला कधीतरी लागणारी गोष्ट रोज सकाळी घ्यायचं कारण उरत नाही. थायरॉइड किंवा आमवातासारखा स्वप्रतिकार आजार असेल तर नक्कीच नको.

गावाकडून कोणी बिब्बा सुचवेल. बिब्ब्याचा काळा चीक सांध्यावर ठिपके देऊन लावण्याची पद्धत जुनी आहे, आणि त्याने दुखणं थांबतं असं वाटतं कारण कातडी जळते. फोड येऊन काळे डाग वर्षानुवर्षं राहतात. चुकून लागलाच तर चोळू नका, आधी खोबरेल लावून पुसून घ्या, मग साबण. कळलावीचा कंद ‘वातावर’ म्हणून कोणी दिला तर घरात ठेवूच नका. त्यात कोल्चिसिन असतं. ते युरिक आम्लाच्या झटक्यात अगदी मोजून, मिलिग्रॅमच्या हिशेबात देतात. उगाळलेल्या कंदातून किती जातं ते कोणालाच कळत नाही, आणि उलट्या-जुलाबांनंतर दोन-तीन दिवसांनी अस्थिमज्जा बंद पडते.

आणि कागदी पुड्या. नाव नाही, घटक नाहीत, ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’, आणि दोन दिवसांत गुडघा मोकळा. कोणत्याही वनस्पतीला दोन दिवसांत हे जमत नाही. अशा पुडीत बहुधा स्टेरॉइड असतं. भूक एकदम वाढली, चेहरा गोल व्हायला लागला, साखर-बीपी चढलं तर शंका पक्की. महिन्याहून जास्त घेतली असेल तर एका दिवसात थांबवू नका, शरीराची स्वतःची यंत्रणा झोपलेली असते आणि माणूस कोसळू शकतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, मात्रा हळूहळू उतरवावी लागते.

आईंसाठी क्रम असा धरा. पहिल्या आठवड्यात तपासण्या, गोळीऐवजी जेल, रात्री निर्गुडीचं तेल आणि शेक. सोबत मांडीचा व्यायाम: पलंगावर बसून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती पाच मोजेपर्यंत दाबायची आणि सोडायची, दहा वेळा, दिवसातून तीनदा. दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांना सांगून सालईचा अर्क सुरू करा. एकाच वेळी चार गोष्टी सुरू केल्या तर गुण कशाने आला आणि पोट कशाने बिघडलं, दोन्ही कळत नाही. वहीत दर रविवारी तीन आकडे लिहा: दुखणं दहापैकी किती, खुर्चीवरून हात न टेकता तीस सेकंदांत किती वेळा उठता आलं, आणि आठवड्यात डायक्लोफेनॅकच्या गोळ्या किती लागल्या. आठ आठवड्यांनी दुखण्याचा आकडा निदान दोनने खाली आला नसेल तर सालई बंद करा. मग यकृताची तपासणी करून, आणि ॲस्पिरिन चालू असल्यामुळे डॉक्टरांची परवानगी घेऊन, पायपेरीन नसलेला कर्क्युमिनचा अर्क 500 मिलिग्रॅम दोन वेळा जेवणात, पुन्हा आठच आठवडे. आणि वजन: एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो.